टपालाचा भार आणि संपादकाचा वेळ

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मासिकाच्या संपादकांनी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘मासिकाची वर्षभरातील वाटचाल’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. वाटचालीचे आकडे चिटणीसांच्या अहवालात आलेलेच आहेत. ते पुन्हा वाचून आपल्या भोजनास उशीर करण्याची आमची इच्छा नाही. आम्ही बोलणार आहोत ते आपणांपैकी पुष्कळांच्या मनात असलेल्या, आणि काहींनी आताच मंडपाच्या दाराशी आम्हांस ऐकविलेल्या, एका तक्रारीविषयी. तक्रार अशी, की संपादक अलीकडे फार ताठ झाले आहेत. रात्री दूरध्वनी उचलीत नाहीत, पत्राला त्याच दिवशी उत्तर देत नाहीत, आणि कधीकधी तर उत्तर म्हणून एक छापील चिठ्ठी तेवढी पाठवितात.

आरोप खरा आहे. तो नाकारावा अशी आमची इच्छा नाही. हे असे का झाले, एवढेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

आपले मासिक पूर्वी केवळ टपालाने जात असे. वर्गणीदारांची पत्रेही टपालानेच येत, बहुधा पोस्टकार्डावर. आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झाले ते १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. त्या लहानशा पुठ्ठ्याने लिहिणाराला एक शिस्त लावली होती. जागा थोडी, म्हणून मजकूर थोडा. पोस्टमन दिवसातून ठरलेल्या वेळी येणार, म्हणून उत्तराची घाई नाही. संपादकाच्या वेळेभोवती टपालखात्यानेच जणू एक कुंपण घालून ठेविले होते, आणि ते कुंपण आहे हे आम्हांस ठाऊकही नव्हते. ते नाहीसे झाल्यावर कळले.

मासिक ई-मेलने पाठवावयास प्रारंभ केला तेव्हा आम्हीच मोठ्या उत्साहाने शेवटच्या पानावर छापले होते, की ‘वाचकांनी आपल्या सूचना केव्हाही कळवाव्यात’. ‘केव्हाही’ या शब्दाचे वजन तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही. अमेरिकेतील आपल्या बांधवांना दिवसा सवड होते तेव्हा येथे मध्यरात्र असते, ही गोष्ट समजण्यासारखी आहे. परंतु याच शहरातील एक सद्गृहस्थ रात्री अकरा वाजता पत्र पाठवून सकाळी सहा वाजता ‘पोच का नाही?’ असे विचारू लागले. कोणास मुलाच्या सत्काराचे छायाचित्र पहिल्या पानावर हवे. कोणास दहा वर्षांपूर्वीचा अंक आजच्या आज हवा. कोणी स्वतःच्या तेवीस कविता एकदम पाठवून त्यांवर अभिप्राय मागितला, आणि तो ‘सविस्तर व निःपक्षपाती’ असावा असे बजाविले. एका गृहस्थांनी तर स्पष्टच लिहिले, की आपण वर्गणी भरतो, तेव्हा संपादकाच्या वेळेवर आपला हक्क आहे. या विधानावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. त्याचे उत्तर आम्हांस पुढे सापडले. ते ओघाने येईलच.

यांत एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वधू-वर सूचनांचे पान सांभाळणाऱ्या आपल्या एका भगिनीचा दूरध्वनी क्रमांक आम्ही त्या पानावर छापीत होतो. तिला रात्री अकरा-अकरा वाजता दूरध्वनी येऊ लागले. मुलाची पत्रिका आताच्या आता पाहून द्या, अमक्या मुलीच्या वडिलांचा पगार किती ते सांगा, असे प्रश्न. तिने तक्रार केली नाही. ती काम सोडून गेली. तेव्हा आम्हांस कळले. पुढच्या अंकापासून कोणाही कार्यकर्त्याचा खासगी क्रमांक छापणे आम्ही बंद केले. हे आधीच करावयास हवे होते, ही आमची चूक.

इतके दिवस आम्ही करीत काय होतो? तर सर्वांस ‘बघू’ म्हणत होतो. बंधूंनो, आपल्या मराठी बोलण्यात ‘बघू’ हा मोठा धोक्याचा शब्द आहे. बोलणाराच्या मनात त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो आणि ऐकणाराच्या मनात ‘हो’ असा. संकोची मनुष्य ‘बघू’ म्हणून एक क्षण सुटतो व पुढचे दोन महिने अडकतो. कारण ज्याला ‘बघू’ म्हटले तो आठ दिवसांनी ‘बघितले का?’ म्हणून विचारणारच, आणि त्याचे ते विचारणे गैरही नाही. कवितासंग्रहवाल्या त्या गृहस्थांस आम्ही चार वेळा ‘बघू’ म्हटले. पहिल्याच दिवशी ‘हे आमच्याने होणार नाही’ असे नम्रपणे लिहिले असते, तर त्यांनी आपल्या कविता अधिक लायक माणसाकडे पाठविल्या असत्या.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांस आजही संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षण-निधीच्या शिष्यवृत्तीची सूचना आपल्या मासिकात आली होती. अर्जाची अखेरची तारीख २१ जुलै; आमच्या हातून छापली गेली ३१ जुलै. अंक गेल्यावर चारच दिवसांनी एका लहान गावातील एका शिक्षकांनी ही चूक आम्हांस कळविली. दोन ओळींचे पत्र. त्यात ‘त्वरित’ हा शब्द नव्हता, की उद्गारचिन्ह नव्हते. त्या आठवड्यात आमच्यासमोर चाळीस-पन्नास पत्रे पडली होती. त्यांपैकी सात पत्रे एकाच सद्गृहस्थांची, एका छायाचित्राच्या आकाराविषयी. त्या सातही पत्रांना आम्ही उत्तरे दिली, कारण ते सात वेळा विचारीत होते. शिक्षकांनी एकदाच विचारले. त्यांचे पत्र आम्ही उघडले २३ जुलैला.

चार विद्यार्थ्यांचे अर्ज उशिरा पोहोचले म्हणून परत आले. त्यांत परिचारिकेच्या अभ्यासक्रमास जाणारी एक मुलगी होती. तिच्या घरी आम्ही क्षमा मागावयास गेलो. तिच्या वडिलांनी व्याजाने पैसे काढून शुल्क भरले होते. ते आम्हांस एक शब्द बोलले नाहीत. ‘बसा, चहा घ्या’ म्हणाले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री घरी परतताना हक्काच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले. वर्गणीदाराचा संपादकाच्या वेळेवर हक्क आहे, हे खरेच. परंतु तो एका वर्गणीदाराचा नाही, सर्वांचा आहे. जो सात वेळा लिहितो त्याचा जितका, तितकाच जो एकदा लिहितो त्याचा, आणि जो कधीच लिहीत नाही त्याचाही. आम्ही आपला वेळ उदारपणे वाटीत आहोत अशा समजुतीत होतो. वस्तुतः न मागणाऱ्यांचा वाटा उचलून मागणाऱ्यांच्या पदरात घालीत होतो. तेव्हापासून, ज्यांच्याकडे आमच्यापेक्षा हजारपट पत्रे येत ती माणसे काय करीत असत, हे शोधण्याचा आम्हांस नादच लागला.

महात्मा गांधींचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहत. देशभरातून पत्रांचा पाऊस पडे; महादेवभाई देसायांसारखा सचिव त्या कामात अहोरात्र बुडालेला असे. लिहून लिहून उजवा हात थकला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत. सोमवारी त्यांचे मौन असे. या मौनाचा पुढे फार आध्यात्मिक अर्थ लावला गेला, आणि तो त्यांनी स्वतःही मानिला. पण आरंभी आपण ते कामाचा ताण हलका व्हावा आणि लिहिण्यास वेळ मिळावा म्हणून धरले, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून ठेविले आहे. आम्हांस हा खुलासा त्या आध्यात्मिक अर्थापेक्षा अधिक धीर देणारा वाटतो. २ जून १९४७ हा सोमवार होता. देशाच्या फाळणीची योजना घेऊन माउंटबॅटन समोर बसलेले, आणि गांधीजींनी आपले म्हणणे वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिले. व्हाइसरॉयसाठीही सोमवार मोडला नाही. त्यांची स्वाक्षरी हवी असेल त्याला हरिजन-निधीला पाच रुपये द्यावे लागत. म्हणजे मागणाराला काही पडावे आणि त्यातून तिसऱ्याचे भले व्हावे, असा वाणिकाचा हिशेब त्यात होता.

परंतु असा राखलेला वेळ ते कोठे खर्चीत, हेही पाहिले पाहिजे. १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे एक संस्कृत पंडित सेवाग्रामात आले. त्यांना महारोग होता. त्यांच्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हाताने मालिश करीत. जगातील मोठमोठी माणसे ज्यांच्या भेटीसाठी तिष्ठत, ते त्या कामासाठी वेळ काढीत. सोमवारचे कुंपण होते म्हणूनच हे अंगण मोकळे राहिले असावे, असे आमच्या मनास वाटते.

इंग्लंडात ऑक्सफर्डला गणित शिकविणारे आणि ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुइस कॅरल यांची तऱ्हा निराळी. त्यांनी १८६१ पासून आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही ठेविली. १८९८ साली ते वारले तेव्हा तिच्यातील शेवटचा क्रमांक ९८,७२१ होता. त्यांनी पत्रलेखनावर १८९० साली एक छोटी पुस्तिकाही काढली. तीतील एक सूचना आम्ही आमच्या टेबलावर लिहून ठेविली आहे. वाचणाराला टोचेल असे पत्र लिहून झाले, की ते दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूस ठेवावे आणि ते आपल्यालाच आले आहे असे समजून पुन्हा वाचावे. या सूचनेने आमची निदान दहा माणसे तुटता तुटता वाचली आहेत. त्यांची नावे सांगत नाही; ती येथे बसलेली आहेत.

डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडणाऱ्यांपैकी फ्रान्सिस क्रिक यांनी एक छापील कार्डच करून ठेविले होते. स्वाक्षरी देणे, छायाचित्र पाठविणे, हस्तलिखित वाचणे, भोजनोत्तर भाषण करणे, अध्यक्षस्थान स्वीकारणे, इतकेच काय, पत्रलेखकाचा रोग बरा करणे, यांपैकी काहीही आपणांस शक्य नाही, असे त्यावर छापलेले असे. प्रकार मजेदार खरा; पण ज्ञातिसंस्थेस तो मानवणारा नव्हे. क्रिकसाहेबांस त्या पत्रलेखकांच्या घरी पुढच्या महिन्यात मुंजीला जावयाचे नव्हते.

आम्हांस सर्वांत पटला तो अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांचा मार्ग. संगणकाच्या कार्यपद्धतीवर त्यांचा खंडशः प्रसिद्ध होणारा एक महाग्रंथ आहे. पहिला खंड १९६८ सालचा. ई-मेल हे ज्यांच्या शास्त्राचे अपत्य, त्या नूथ यांनी १ जानेवारी १९९० पासून स्वतःचा ई-मेलचा पत्ताच बंद केला. आपले काम वरवरचे नाही, दीर्घकाळ एकचित्ताने करण्याचे आहे, असे कारण त्यांनी जाहीरपणे दिले. टपालाने येणारी पत्रे ते साठवून ठेवितात व काही महिन्यांनी एकदम हातावेगळी करितात. इथवर ऐकून कोणी म्हणेल, की हा मनुष्य एकलकोंडा दिसतो. पण गंमत पुढेच आहे. त्यांच्या ग्रंथात जो कोणी चूक दाखवील त्याला ते २ डॉलर ५६ सेंटचे बक्षीस देत आले आहेत. म्हणजे दरवाजा बंद केला, पण चूक दाखविणाराकरिता खिडकी उघडी ठेविली, आणि त्या खिडकीशी दक्षिणाही ठेविली. आमच्या शिक्षकांच्या त्या दोन ओळींना अशी खिडकी मिळाली असती तर!

यावरून आम्ही आमचे नियम ठरविले. ते मासिकात तीन महिने ओळीने छापले, कारण आमच्या मते न सांगता पाळलेला नियम हा नियम नसून तुसडेपणा होय. टपाल व ई-मेल मंगळवारी आणि शुक्रवारी वाचले जाते. उत्तर आठ दिवसांच्या आत. दूरध्वनी शनिवारी सायंकाळी सहा ते सात. वधू-वरांची चौकशी त्या समितीकडेच. छायाचित्राचा आकार सर्वांना सारखा, मग तो देणगीदार असो वा नसो. या एका ओळीने आमचा निम्मा पत्रव्यवहार संपला. आणि छापलेल्या मजकुरातील चूक, शिष्यवृत्तीच्या तारखा व निधनवार्ता यांसाठी एक निराळा पत्ता. तो दिवसातून दोनदा पाहिला जातो, सणावारीसुद्धा. ज्यांना ही व्यवस्था मान्य नसेल त्यांनी उरलेली वर्गणी परत मागावी, असेही लिहिले. तिघांनी मागितली. तिघांनाही ती त्याच आठवड्यात धाडली, आणि त्यांपैकी एकजण परत आले.

नियम करणे सोपे गेले. ते पाळणे नव्हे. पहिल्या महिन्यात रात्री ई-मेल उघडण्याचा मोह आम्हांसच होई. खरे सांगावयाचे तर, सर्वांना आपण सदैव हवे आहोत, या जाणिवेत एक सुख असते. आमच्या घरातून त्यावर एक शेरा मिळाला, तो येथे सांगण्यासारखा नाही.

मग एके दिवशी मंडळाचे एक संस्थापक सभासद, ज्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो, ते काठी टेकीत घरी आले.

“काय रे, आता तुझ्याशी बोलायला अर्ज करावा लागतो म्हणे?”

“अर्ज कशाला, काका? शनिवारी सहा ते सात फोन करावा.”

“आणि मी शुक्रवारी मेलो तर?”

“निधनवार्ता आम्ही रोज घेतो, काका.”

काका मनमुराद हसले. पण मग चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “तुझे नियम बरोबर आहेत. पण रात्री बारा वाजता तुला लिहिणारा माणूस फोटोसाठी लिहितो असं तुला वाटतं. त्याला झोप येत नाही म्हणून तो लिहितो. मुलं परदेशात. बोलायचं कोणाशी? तुझ्या मासिकावर निदान पत्ता तरी छापलेला असतो.”

छायाचित्राच्या आकाराविषयी सात पत्रे लिहिणारे ते सद्गृहस्थ कोण, हे काकांस ठाऊक होते. ते छायाचित्र त्यांच्या पत्नीचे होते, प्रथम पुण्यस्मरणाचे. ही गोष्ट आम्ही त्यांच्या संमतीनेच येथे सांगत आहोत. सातही पत्रांना आम्ही उत्तरे दिली होती. सेंटिमीटरमध्ये दिली होती. त्यांच्या घरी मात्र एकदाही गेलो नव्हतो. म्हणजे त्या एका आठवड्यात शिक्षकांचे पत्र आम्ही वाचले नाही, आणि यांची पत्रे वाचूनही वाचली नाहीत.

यास्तव नियमांत एक भर घातली. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. त्या वेळी काम काढीत नाही, मुद्रिते तपाशीत नाही. कोणीही यावे, काम असावेच असे नाही. पहिले दोन रविवार कोणी आले नाही. आता सहा-सात मंडळी असतात. ते सद्गृहस्थ नियमाने येतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवितात, सरकारवर टीका करितात, आणि चहात साखर कमी आहे असे दर खेपेस सांगतात. त्यांचे पत्र मात्र त्यानंतर एकही आले नाही. ज्यांना येणे होत नाही अशा चार-पाच वृद्धांकडे आमच्यातील तरुण मंडळी महिन्यातून एकदा जाऊन येतात. या कामास वेळ कोठून आला, तर मंगळवार-शुक्रवारच्या त्या नियमांतून.

शिष्यवृत्तीच्या पानाचे मुद्रित आता छापण्यापूर्वी त्या शिक्षकांकडे जाते. ते निवृत्त झाले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी दोन चुका काढल्या. त्यांना बक्षीस देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही; एक वर्षाची वर्गणी त्या परिचारिका मुलीच्या नावे भरावी, असे कळविले. तीही आता शिकून एका रुग्णालयात काम करते. तिचे मासिक आम्ही तिच्या नव्या पत्त्यावर धाडीत असतो. तिने अद्याप आम्हांस कधी काही लिहिलेले नाही.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि वेळेच्या मर्यादेवर बोलणारानेच ती ओलांडणे बरे दिसणार नाही. आजच्या भाषणाबद्दल आपणांपैकी कोणास आमच्यावर रागावून लिहावयाचे असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे. आम्ही ते मंगळवारी वाचू.